अण्णांनी दिलेला झोका

तुमी हसाल, पण अण्णांचं सगळ्यात खरं भाषण मी एका लंबकापुढं ऐकलंय. धारूरला नुकतं केबल आलतं, तवाची गोष्ट. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. प्रदर्शनासाठी मी हार्मोनोग्राफ बनवलता. त्यात लंबकाला पेन बांधतात आणि झोका दिला की खालच्या कागदावर वेटोळी उमटतात.

उद्घाटनाला आमचे कायमचे आमदार अण्णा. आमंत्रण मतमोजणीच्या आधीच गेलतं. निवडणुकीत पडल्यावरबी ते आले, पण एकटेच.

"द्या झोका," मी म्हणलं. त्यांनी असा रेटला, की पेन कागद सोडून टेबलावरच रेघोट्या मारायला लागला. मी लंबक धरायला गेलो.

"राहू द्या, गुरुजी."

मग झोका कमी कमी होत गेला. पेन कागदावर परत आला आणि आत आत सरकत, एक सुबक फूल काढून, मधोमध उभा राहिला.

"कुणी थांबवलं याला?"

"कुणीच न्हाई. जोर संपला की आपोआप थांबतंय."

अण्णांनी त्या फुलावरनं बोट फिरवलं.

"लई शहाणं हाय," म्हणले. "आमाला पाडावं लागलं."