दहावा तारा

...नाही, तू आधी सही कर, मग वाच — बरं, वाच बाई, वाच. नवीन आहेस, बी.एड.ला शिकवलं असेल सगळं वाचूनच करायचं म्हणून. चारच ओळी आहेत. पाचवी ब ची मॉनिटर हर्षिता, हिने काल भिंतीवरच्या तक्त्यावरचा आपला तारा उचकटला, तक्ता फाटला, म्हणून पाच तारे कापावेत आणि उद्या असेंब्लीत तिला बिल्ला देऊ नये. खाली माझी सही. दुसरी सही बाजूच्या वर्गाच्या टीचरची लागते, म्हणजे तुझी, अपर्णा. असा नियम आहे. आता आपल्याकडे शिकवणं कमी आणि नियमच जास्त, ते तुला महिनाभरात कळलंच असेल.

तू नव्हतीस ना तेव्हा. जूनमध्ये भोपाळहून एक अंशुल सर आले होते, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही, आणि आम्हा तीस-तीस वर्षं खडू झिजवलेल्या बायकांना तीन दिवस खुर्च्यांवर बसवून सांगत होते की मुलांना रागवू नका, त्यांना स्पष्ट सांगा काय अपेक्षा आहे, आणि चांगलं वागली की लगेच बक्षीस द्या. आम्हालाही तारे दिले हो. मी वेळेवर आले म्हणून माझ्या पदरावर एक चिकटवला — मी घरी गेले, सासूबाई म्हणाल्या, हे काय लावून आलीस. मग वर्गावर्गात तक्ते लागले. लाइनीत चाललं, तारा. कुणाची पडलेली वस्तू उचलून दिली, तारा. खरं बोललं, तारा. दहा झाले की शनिवारी प्रिन्सिपल मॅम स्वतः बिल्ला लावणार, आईवडिलांना बोलावून. आठवड्याभरात माझ्या वर्गात काय झालं सांगू? पेन्सिली पडायला लागल्या. हा पाडतो, तो उचलतो, मग तो पाडतो, हा उचलतो, आणि दोघं माझ्या टेबलाशी हजर. ही तुमची चांगली वागणूक. व्यापार आहे नुसता.

हर्षिता? नाही, ती नाही पाडायची. तिचं खरंच वागणं तसं — मला काय, जे आहे ते सांगते. म्हणून तर मॉनिटर केली. मी वर्गात नसले, किंवा असले आणि कामात असले, तर जो बोलेल त्याचं नाव बोर्डावर. तक्त्यावरच लिहिलंय, तिसरा नियम, पीरियड में जो बात करेगा उसका नाम बोर्ड पर, चाहे कोई भी हो. चाहे कोई भी हो — हे त्या अंशुलचंच डोकं.

आता मंगळवारी चौथ्या पीरियडला मी मुलांना शुद्धलेखन उतरवायला दिलं आणि बडोद्याला नणंदेला फोन लावला. रोजच लावते, दहा मिनिटं, त्यात काय आहे? आपण मराठीतच बोलतो, पोरांना काय कळणार आहे. या हिंदी गावात आपण सगळे मराठी असंच करत आलो ना — दुकानात भाव पाडायचा असला, पाहुण्यासमोर काही म्हणायचं असलं, की मराठीत. तूही करत असशील, हसू नकोस. तर मी नणंदेला या ताऱ्यांचीच गंमत सांगत होते. म्हटलं, अहो, एक पोरगी आहे, आई लोकांच्या घरी पोळ्या लाटते आणि ही इथे तारे गोळा करते, नऊ झालेत. कितीही चिकटवा, शेवटी हातात लाटणंच यायचंय.

बोलण्याच्या ओघात बोलतो माणूस. वाईट नव्हतं मनात.

फोन ठेवते आणि बघते तर बोर्डावर माझं नाव. 'बात करने वाले', खाली ठळक, सुधा मॅम. आणि नेमक्या तेव्हाच राउंडवर आल्या प्रिन्सिपल मॅम. माझ्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं, हसल्या — म्हणाल्या, वाह, नियम तो नियम है. क्या बात कर रही थीं मॅम, बेटा? आणि ती पोरगी उठून उभी राहिली, हात मागे बांधले, आणि माझं वाक्य म्हणाली. सगळं. मराठीत. कविता पाठ म्हणावी तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही, लाटण्यासकट.

मला काय माहीत तिची आई दाना ओलीत, आपल्या मराठी वस्तीतच, एका घरात स्वयंपाक करते म्हणून? फॉर्मवर नुसतं 'खाना बनाना' लिहिलं होतं, कुठे बनवते ते मी कशाला विचारू. पोर तीन वर्षांची असल्यापासून त्या ओट्याखाली वाढली.

प्रिन्सिपल मॅमना मराठी कुठलं यायला. मला म्हणाल्या, क्या कह रही है? आणि मी — तू काय केलं असतंस? — मी म्हटलं, कह रही है कि उसके नौ तारे हो गए, दसवाँ कब मिलेगा. त्यांनी तिला विचारलं, यही कहा? तिने माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मग म्हणाली, जी. आणि मॅमनी स्वतःच्या हाताने दहावा तारा चिकटवला, खरं बोलण्याच्या रांगेत.

तोच काल उचकटला तिने. तोच एक. बाकीचे नऊ जागेवर आहेत.

हो, तक्ता थोडासाच फाटलाय, कोपऱ्याला. पण फाटलाय ना? तू अशी काय बघतेस? मॅमच्या यादीत तिचे दहा लागलेत, उद्या तिची आई येणार आहे, दोन घरची कामं सोडून. बिल्ला लागला की मी क्लास टीचर म्हणून शेजारी उभी राहून टाळ्या वाजवायच्या, आणि त्या पोरीने परत तसंच बघायचं माझ्याकडे. ते मला नकोय. बस. एवढंच.

पेन खाली ठेवलंस. ठीक आहे, नको करू सही, तुझ्यावाचून अडलंय का माझं. जा, बेल झाली. तो कागद राहू दे तिथेच, काय करायचं ते मी बघीन. आणि बाहेर हर्षिता दिसली तर सांग तिला, मॅमने बोलावलंय — नको. नको सांगू. काय बोलणार मी तिच्याशी. दार ओढून घे.