अळणी

रश्मी : ताई, ह्यात मीठ घातलंय?

नम्रता : अगं, सुरमई आहे ती. मिठाशिवाय कशी तळू?

रश्मी : मग राहू दे. तुम्ही जेवा पोटभर. आमचं दोघांचं जेवण सध्या वेगळं आहे.

नम्रता : दोघांचं? हितूचं पण? बदलापूरहून डबा सांभाळत आणला मी, आणि माझा भाऊ सुरमईला नाही म्हणणार?

रश्मी : तोच माझ्यापेक्षा कडक आहे. तेवीस दिवस झाले आज. मीठ नाही, लोणचं-पापड नाही, बाहेरचं काही नाही. सकाळी दुधीचा रस, दुपारी उकडलेल्या भाज्या न् नाचणीची भाकरी, संध्याकाळी फळं. पहाटे रेसकोर्सपर्यंत चालून येतो. या उकाड्यात शर्ट पिळून काढावा लागतो.

नम्रता : आणि हे डोक्यात कुणी घातलं?

रश्मी : लालबागला शेफाली मॅडमचा वर्ग असतो ना शनिवारी, निसर्गाहाराचा. हसू नका हं. माझी सहा वर्षांची ॲसिडिटी गेली. आणि नुसतं खाण्याचंच नसतं तिथे. जेवताना मोबाईल लांब ठेवायचा, दहा मिनिटं गप्प बसायचं, मग दिवसातली एक चांगली गोष्ट एकमेकांना सांगायची. ताई, लग्नाला बारा वर्षं झाली. हितू या महिन्यात जेवढा बोललाय ना माझ्याशी, तेवढा कधीच बोलला नव्हता.

नम्रता : हसत नाहीये गं. चांगलंच आहे की. पण मीठ अगदीच बंद?

रश्मी : हितूच्या ऑफिसात तपासणी झाली, त्यात त्याचं बीपी जरा वर निघालं. मॅडम म्हणाल्या, कमी करा. बंद आम्हीच केलं. हितू म्हणाला, करायचं तर पूर्ण करू, अर्धवट कशाला.

नम्रता : तसाच आहे तो पहिल्यापासून. आहे कुठे पण? मी येऊन वीस मिनिटं झाली, खोलीतून बाहेर नाही आला.

रश्मी : झोपलाय.

नम्रता : भर दुपारी? रविवारी? खाली कॅरम सोडून?

रश्मी : परवापासून सुस्त आहे जरा. पोट बिघडलंय. काल सात-आठ वेळा जाऊन आला. मी वर्गाच्या ग्रुपवर विचारलं, तर सगळ्या म्हणाल्या घाबरू नको, तिसऱ्या आठवड्यात होतं असं. आतली घाण बाहेर पडते.

नम्रता : उलटी?

रश्मी : काल दोनदा. आज सकाळी एकदा.

नम्रता : हात थरथरतात?

रश्मी : तुम्हाला कसं कळलं?

नम्रता : थरथरतात का, ते सांग.

रश्मी : आधीपण थोडे थरथरायचेच ना, कपबशी धरताना. आता जास्त झालंय. काल रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला, तरी निम्मा अंगावर. मी म्हटलं, अशक्तपणा असेल. ताई, असं काय बघताय माझ्याकडे?

नम्रता : उठव त्याला.

रश्मी : आत्ताच डोळा लागलाय त्याचा. रात्रभर...

नम्रता : रश्मी, उठव म्हणते ना. बाजूला सर, मीच जाते. हितू! ए हितू. डोळे उघड. बघ, कोण इलाहा.

हितेंद्र : ता... ताई. गणपतीक... इलंस?

नम्रता : मे महिनो हा रे. उठ, बसान घे. हात दी माका.

हितेंद्र : पाय... पाय खंयच्या खंय जातत.

रश्मी : हा असा का बोलतोय? जीभ अडखळतेय त्याची. सकाळी एवढं नव्हतं हो. सकाळी मी विचारलं, आजची चांगली गोष्ट काय, तर नुसता हसला. मला वाटलं, थट्टा करतोय.

नम्रता : त्या बाजूने धर. उभा करू. हितू, एक पाऊल टाक बघू. टाक... अरे, अरे, सांभाळ! बसव. खालीच बसव, भिंतीला टेकव.

रश्मी : ताई, काय होतंय याला?

नम्रता : गोळी घेतली का आज?

रश्मी : झोपेची? घेतली की. सकाळ-रात्र, एकही चुकवत नाही. मीच देते हातात.

नम्रता : आज सकाळी पण दिलीस?

रश्मी : नऊला दिली. नंतर उलटी झाली, त्यात पडली असेल म्हणून परत एक दिली. ताई?

नम्रता : शेवटचं रक्त दिवाळीच्या आधी तपासलं. मीच नेलं होतं. मग सासूबाईंचं आजारपण निघालं आणि राहूनच गेलं. सात महिने.

रश्मी : कसलं रक्त? दिवाळीला तर तुम्ही त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतंत.

हितेंद्र : ताई... रश्मीक सांगू नको.

रश्मी : काय सांगायचं नाही मला?

नम्रता : तो शेजारचा गौतम घरात आहे का बघ. हाक मार त्याला, खुर्ची घेऊन ये म्हणावं. तीन जिने आहेत, खाली न्यायला दोन माणसं तरी लागतील. मी टॅक्सी बघते, परळला जायचंय.

रश्मी : दारातून हलू नका. आधी मला सांगा. काय सांगायचं नाही? कसली गोळी आहे ती?

नम्रता : वेळ नाही गं आता!

रश्मी : गौतमभाऊ! ओ गौतमभाऊ, जरा खुर्ची घेऊन धावत या! हितूला बरं नाहीये! ...आता येईल तो. तेवढा वेळ आहे तुमच्याकडे. सांगा.

नम्रता : लिथियम म्हणतात तिला. झोपेची नाही ती.

रश्मी : मग?

नम्रता : हितू तेवीस वर्षांचा होता. आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नाही. मग एके सकाळी डिलाईल रोडच्या नाक्यावर उभा राहून ओरडायला लागला, बंद पडलेल्या सगळ्या मिल मी विकत घेतल्यात, उद्या भोंगा होणार, सगळ्यांनी कामावर या. बाबांच्या खात्यातले म्हातारे जमले होते भोवती. एकजण खरं समजून घरी गेला आणि जुना डबा घासून ठेवला त्याने. मग चार महिने हितू भिंतीकडे तोंड करून पडून होता. तेव्हापासून ही गोळी आहे. एकोणीस वर्षं. तिच्यावरच तो माणसात आहे.

रश्मी : एकोणीस.

नम्रता : हो.

रश्मी : मी बारा वर्षांपूर्वी आले या घरात.

नम्रता : आई म्हणाली, सांगितलं तर कोण मुलगी देईल. हितू सांगायचं म्हणत होता. साखरपुड्यापर्यंत म्हणत होता. मीच त्याला माझी शपथ घातली. गोळ्या पाकिटातून काढून डबीत ठेव, हे पण मीच शिकवलं.

रश्मी : वर्गाच्या फॉर्मवर रकाना होता, ताई. कुठलं औषध चालू आहे का, असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार बदलू नका. मी लिहिलं, झोपेची गोळी. मॅडमनी विचारलंसुद्धा, कुठली? मी म्हटलं, साधीच आहे हो.

नम्रता : पहिल्या दिवशीच डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज जेवढं मीठ खातो तेवढंच खायचं. एकदम कमी नाही, एकदम जास्त नाही. मीठ कमी पडलं की गोळी अंगातून बाहेर जात नाही, साचत जाते. आणि जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी बंद करून धावत या. सगळं लिहून ठेवलंय मी.

रश्मी : कुठे?

नम्रता : माझ्या कपाटात. बदलापूरला.

रश्मी : आणि याला? याला माहीत नव्हतं?

नम्रता : डॉक्टर बोलले तेव्हा तो शुद्धीत कुठे होता? नंतर मीच बघायचे सगळं. तो फक्त गोळी गिळायचा. त्याला आजाराचं नाव काढलेलं पण आवडायचं नाही, मग मी पण...

रश्मी : ताई, त्याचा गाल बघा. गाल उडतोय. हात पण. हितू! हितू, इकडे बघ, माझ्याकडे बघ!

नम्रता : कुशीवर कर त्याला, कुशीवर. गौतम, ये रे बाबा, लवकर ये! रश्मी, ती डबी घे बरोबर. डॉक्टरांना दाखवायची आहे.

(तिसऱ्या दिवशी दुपारी. परळच्या एका हॉस्पिटलात, आयसीयूबाहेरचा बाक.)

नम्रता : काय म्हणाले डॉक्टर?

रश्मी : दुसऱ्या डायलिसिसनंतर रक्तातलं प्रमाण उतरलंय. जिवाचा धोका गेला म्हणाले.

नम्रता : देवा रे. पावलास.

रश्मी : चालणं आणि बोलणं मात्र सांगता येत नाही म्हणाले. काहींचं महिन्या-दोन महिन्यांत जागेवर येतं. काहींचं तसंच राहतं.

नम्रता : ओळखलं तुला?

रश्मी : हात धरला माझा. नाव घ्यायला गेला. तीनदा गेला. नाही जमलं, मग डोळे मिटून घेतले त्याने.

नम्रता : रश्मी, हे माझं पाप आहे.

रश्मी : अळणी जेवण मी वाढलं. वरची गोळी मी दिली. दोन दिवस मी त्याच्या पोटावर ओला पंचा ठेवून बसले होते, घाण बाहेर पडतेय म्हणून खूश होते मी.

नम्रता : तुला माहीत नव्हतं गं.

रश्मी : तेच तर. ती आतली डॉक्टर मुलगी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तिने विचारलं, आजार कधी सुरू झाला, कुणाचे उपचार होते, आधी कधी दाखल केलं होतं का. पेन हातात धरून माझ्याकडे बघत होती. बायको आहे म्हटल्यावर माझ्याकडेच बघणार ना. मी म्हटलं, नणंदेला विचारा.

नम्रता : मी सांगते तिला जाऊन.

रश्मी : मी काल वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं. घरात कुणाला कुठलीही गोळी चालू असेल तर नाव वाचा, डॉक्टरांना विचारा, मग मीठ सोडा. शेफाली मॅडमचा लगेच फोन आला. त्या रडत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही विचारलं होतंत, चूक तुमची नाही. आणि नंतर तीन बायकांचे वेगळे मेसेज आले, ग्रुपवर नाही, फक्त मला. आमच्याकडे पण एक गोळी आहे, नाव माहीत नाही, यांना विचारलं तर चिडतात. एकीने लिहिलंय, सासूबाई ती स्वतःच्या उशीखाली ठेवतात.

नम्रता : काय लिहिलंस त्यांना?

रश्मी : लिहिलं, चिडू दे. विचार.

नम्रता : तू दोन घास खाऊन घे. मी बसते इथे. कालपासून चहावर आहेस.

रश्मी : अजून एक गोष्ट विचारली तिने. घरात आणखी कुणाला असा आजार होता का.

नम्रता : मी तुला काहीतरी खायला घेऊन येते.

रश्मी : ताई.

नम्रता : तो प्रश्न सगळ्यांनाच विचारतात गं. त्यांचा ठरलेला असतो.

रश्मी : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आत्ता गिरगावात माझ्या आईकडे बसून सुट्टीतला गृहपाठ करतेय. मला फोनवर विचारते, बाबा आज काय जेवला. घरात आणखी कुणाला होता का?

नम्रता : रघूकाका. बाबांचे धाकटे भाऊ.

रश्मी : गावच्या घरात फोटो आहे, ते? विहिरीत पाय घसरून गेले, ते?

नम्रता : तसं सांगतात.

रश्मी : आणि खरं काय?

नम्रता : श्रेयाला काही होईलच असं नाही, रश्मी. मला झालं का? माझ्या दोन्ही पोरांना झालं का?

रश्मी : नाही होणार. आणि झालंच, तर तिच्या आईला सगळं माहीत असेल. कुठल्या गोळीने काय होतं, काय खायचं, कधी धावायचं, सगळं. तिच्या नवऱ्यालाही लग्नाआधी माहीत असेल, मग यायचं तर येईल. खरं काय, ताई?

नम्रता : इथे नको गं. लोक आहेत. घरी गेल्यावर निवांत...

रश्मी : पाच वाजेपर्यंत आत सोडत नाहीत. बसा.