लाऊ सिफूंच्या हाताला हात

सन्माननीय अध्यक्षा मनोरमाताई, बर्लिनहून तीन तास उशिरा आलेल्या गाडीतून उतरूनही प्रसन्न दिसणारे प्रमुख पाहुणे हो सिफू, आजचे सत्कारमूर्ती लाऊ सिफू, त्यांची कन्या का-यान, आणि या व्यायामशाळेच्या नियमाला मान देऊन नुसत्या मोज्यांवर बसलेल्या सभ्य स्त्री-पुरुषहो,

‘सिफू’ म्हणजे गुरू. त्या शब्दात पित्याचाही अर्थ आहे असं मला सांगण्यात आलं, आणि संस्कृत शिकलेल्या माणसाला शब्दाची फोड आवडते, म्हणून मी ते लगेच मानलं.

मी पुण्याच्या एका दैनिकाला इथून, स्टुटगार्टहून, बातमीपत्र पाठवतो. सिफूंच्या मराठी विद्यार्थ्यांमधला मी सर्वांत कच्चा. मग मलाच का उभं केलं? मनोरमाताई म्हणाल्या, “बाकीच्यांना ती विद्या येते, त्यामुळे ते बोलणार नाहीत.” एक समाधान आहे. लाऊ सिफूंना आणि का-यान यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही. सिफू मघापासून मंद हसत आहेत, ते निव्वळ सौजन्य आहे.

विंग चुन ही दक्षिण चीनमधली युद्धकला. आम्हाला वाटलं होतं, उड्या असतील. आमचा नागेश, म्हणजे इथल्या गिअरबॉक्सच्या कारखान्यातला इंजिनिअर, पहिल्या दिवशी गुडघ्यांना पट्टे बांधून आला होता. उडी एकही नाही. सगळी विद्या कोपरापासून बोटांपर्यंत. ‘तान साव’ म्हणजे तळहात वर. आपण तीर्थ घेतो तसा, फक्त समोरून तीर्थाऐवजी ठोसा येतो. ‘फूक साव’ म्हणजे दुसऱ्याच्या मनगटावर अलगद ठेवलेला हात. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि यांचा कळस म्हणजे चिकटते हात. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हाताला हात लावायचा, डोळे मिटायचे, आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते कातडीने ओळखायचं.

विचारायचं काही नाही. सिफूंचं जर्मन दोन शब्दांचं: ‘नाइन’, म्हणजे नाही, आणि ‘नोखमाल’, म्हणजे पुन्हा. आमच्या शास्त्रकारांनी ज्ञानाची साधनं सांगताना अनुमान सांगितलं, शब्द सांगितला. सिफूंच्या वर्गात दोन्हींना मज्जाव. फक्त स्पर्श.

नागेशला हे फार लागलं. सिफूंच्या गुरूंनी ही विद्या सिफूंना हाताला हात लावून दिली, त्यांना त्यांच्या गुरूंनी. “व्हिडिओत येत नाही हो ही,” तो म्हणायचा. “एका पिढीत हाताला हात लागला नाही, की संपली.” आपल्या पिढीत ती आपल्या हातून संपू नये, एवढी एकच त्याची इच्छा. यात तुम्हाला अहंकार दिसतो का? मला दिसायचा. मग मी त्याचा सराव पाहिला आणि तो शब्द मागे घेतला.

दोनेक वर्षांपूर्वी सिफूंच्या उजव्या हातात काहीतरी नवीन आलं. फूक साव ठेवला की तो हात बारीक कापायचा. अंगठा तर्जनीवरून फिरायचा, जपमाळ ओढावी तसा. नागेशने ओळखलं, ही वरची पायरी. घरी जाताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, त्याने मला समजावलं, “आल्झो, म्हणजे असं बघा. स्थिर हात वाचता येतो. कापणारा वाचता येत नाही. समोरच्याला सिग्नल मिळतच नाही, नुसता नॉइज.”

“सिफूंनी सांगितलं असं?”

“सिफू कधी काही सांगतात का?”

न्यायशास्त्रात याला हेत्वाभास, म्हणजे फसवं कारण, म्हणतात. त्या दिवशी मात्र तो बिनतोड वाटला. झालं. सगळा वर्ग कापायला लागला. इंजिनिअर मंडळी, तेव्हा घरीही सराव. नागेशच्या पत्नी सुनेत्रावहिनी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, “अहो, कप तरी सरळ धरा. निम्मा चहा बशीत.”

“सराव आहे, सुनेत्रा.”

“मग फरशी पुसण्याचाही होऊ दे.”

या वसंतात हो सिफू आले. लाऊ सिफूंचे ते गुरुबंधू, धाकटे. वर्ग त्यांच्याकडे सोपवायचं चाललं होतं, म्हणून त्यांनी एकेकाच्या हाताला हात लावून पाहिला. नागेशपाशी ते थांबले, हसले, आणि लाऊ सिफूंना त्यांच्या भाषेत काही म्हणाले. का-यान यांनी मला नंतर सांगितलं, ते असं: “दादा, हे कोणतं? आपल्या गुरूंनी मला नाही शिकवलं.”

लाऊ सिफू उठले. रांगेतून फिरत त्यांनी प्रत्येकाचा उजवा हात पाहिला. मग स्वतःचा पाहिला. आणि तो डाव्या हाताने घट्ट धरून ते खाली बसले.

तो आजार होता, आणि तो बरा होणारा नाही. का-यान यांना माहीत होतं. आम्हाला सांगायचं नाही असं सिफूंनी त्यांना बजावलं होतं. आज हे बोलण्याची परवानगी त्यांनीच दिली आहे.

त्या दिवसापासून सिफूंनी कुणाच्याही हाताला हात लावलेला नाही. “माझ्या हाताबरोबर हेही जातं,” ते का-यान यांच्यामार्फत म्हणाले. “हे द्यायचं नाही.” आमच्यातला कंप काढण्याचं काम हो सिफूंकडे आलं. मालिनीताईंचा गेला, श्रीरंगचा गेला. माझाही गेला; त्याच्या जागी काहीच आलं नाही, असं हो सिफूंचं मत आहे.

नागेशचा जात नाही. डोळे उघडे असले की हात स्थिर. मिटले की परत येतो. मी त्याला विचारलं, “अरे, जमत नाही, की काढायचा नाही?”

तो एस-बानच्या खिडकीकडे वळला. मग म्हणाला, “सिफूंनी दिलेलं कुठे संपतं आणि आजार कुठे सुरू होतो, तेच मला कळत नाही. ते त्यांच्या हाताला हात लावूनच विचारता येईल. एकदाच. आणि तेवढंच ते देत नाहीत.”

मी शब्दांवर पोट भरणारा माणूस. मी म्हणालो, “पुढचं स्टेशन आपलं.”

परवा सिफू लेकीकडे हॅम्बुर्गला जात आहेत. आजच्या कार्यक्रमात एक प्रात्यक्षिक असावं, असा नागेशने निरोप धाडला होता. उत्तर आलं: सत्कार चालेल, भाषण चालेल, लांबलं तरी चालेल. हाताला हात नको.

तर आता सत्कार. श्रीफळ कसं स्वीकारतात, असं का-यान यांनी मला काल विचारलं. मी सांगितलं, दोन्ही हातांनी. आणि फोटो होईपर्यंत देणाऱ्यानेही ते सोडायचं नसतं. या दुसऱ्या भागाला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही सत्काराचा फोटो काढून बघा. त्यांनी वडिलांना सांगितलं. सिफूंनी विचारलं, हे हाताचं तंत्र आहे का? मी म्हणालो, छे, शिष्टाचार. त्यांनी माझ्याकडे बघून होकाराची मान हलवली.

श्रीफळ नागेश देणार आहे. नारळ सुनेत्रावहिनींनी आणला. मी म्हटलं, “एवढासा?” त्या म्हणाल्या, “मोठ्यावर चार हात लांब लांब बसतात.”

हे सभागृह देणाऱ्या क्रीडामंडळाचे, हो सिफूंचे, का-यान यांचे आणि मोज्यांतून गारठा सोसत ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. उच्चारांत आणि नावांच्या क्रमात काही चुकलं असेल, आणि शिष्टाचारात मी थोडी भर घातली आहे, ते सारं मोठ्या मनाने पोटात घालावं.

कपिल, तू फोटो काढणार आहेस ना? घाई करू नकोस. आणि हललेला आला, तर तसाच ठेव.