वाळवंटातलं तांबडं

एका मंगळवारी माझा नवरा वाळवंटात पुरात वाहून गेला.

काय सांगू तुम्हाला, हे वाक्य लोकांना दोनदा सांगावं लागतं. वाळवंटात पूर? हो, पूर. आम्ही दोघंही दुष्काळी आटपाडीकडचे. इथे जर्मनीत, नेकारसुल्मला आलो ते मकरंदच्या नोकरीमुळे, आणि नव्या गाड्या उन्हात चालवून बघायच्या म्हणून त्यांची टीम दर उन्हाळ्यात मोरोक्कोच्या वाळवंटात जायची.

त्या पहाटे त्याने फोटो पाठवला. सूर्य वर यायचा होता, पण अख्खं आभाळ घासलेल्या तांब्याच्या घागरीसारखं, खालची वाळूसुद्धा लाल. सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाल्या, अगं, हे पावसाचं तांबडं, मुंग्या अंडी हलवताहेत का विचार त्याला. मी विचारलं. तो हसत म्हणाला, हलवताहेत, आईला म्हणावं पाऊस आला तर पेढे वाट. त्यांनी लगेच देवापुढे साखर ठेवली. आमच्याकडे पाऊस म्हटलं की साखरच सुचते. पावसाला घाबरायचंही असतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने गाडी सावलीसाठी कोरड्या ओढ्यात, दरडीखाली लावली होती. पाऊस तिथे पडलाही नाही. लांब डोंगरात पडला, आणि पाणी ओढ्याने आलं.

इथेही कधी कधी त्या वाळवंटाची धूळ वाऱ्यावर येते, गाड्यांवर तांबूस थर बसतो, शेजारीण म्हणते किती सुंदर सूर्योदय, आणि मी पडदा ओढून घेते.

आता इरा, आमची मुलगी, तेच काम करते. नको म्हटलं, हजारदा म्हटलं. म्हणाली, आई, बाबांना हे काम आवडायचं, मलाही आवडतं. गेल्या आठवड्यात एका सकाळी मोरोक्कोहून तिने फोटो पाठवला. तेच आभाळ. मी व्हिडिओ कॉल लावला, आणि सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. गाडी कुठे आहे गं तुझी? इरा बोलते जर्मनमध्येच, सासूबाईंना आता कळतं. म्हणाली, आल्झो, म्हणजे हे बघा आजी, खाली ओढ्यात, छान सावली आहे, आणि ॲपवर पाऊस नाहीये, तुमच्या मुंग्यांना सांगा. सासूबाईंनी आजवर तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. म्हणाल्या, मुंग्या गेल्या खड्ड्यात, कार्टे, आधी टेकाडावर चढ, मग हस मला.

फोन चालूच होता. दार आपटल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा. वर पोचून तिने कॅमेरा ओढ्याकडे वळवला. आम्ही दोघी त्या कोरड्या वाळूकडे बघत बसलो, चहा गार झाला. संध्याकाळी तिचा फोन आला, आजी, थेंब नाही पडला. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं बाई. पाऊस पडला नाही म्हणून बरं झालं, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

इरा अजून तिथेच आहे. रोज सकाळी ती गाडी टेकाडावर नेते आणि आम्हाला फोटो पाठवते, आभाळाचा नाही, चाकांखालच्या जमिनीचा.