यमुनेचं सहावं बोट

खरं बोलावं की गप्प बसावं, हा पेच मला या वयातही सुटत नाही. पण त्या दिवशी तर बहिणीचं लग्नच माझ्या जिभेवर अडलं होतं!

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. हैदराबादेला जीवशास्त्र शिकून मी वसमतला घरी आलो होतो. धाकट्या यमुनेला बघायला हट्टा गावचे पाहुणे आले. तिच्या डाव्या हाताला सहा बोटं, आणि त्यावरून आधीची स्थळं मोडलेली. पदराखालचा हात सुपारी देताना बाहेर आलाच!

मुलाची आई ताडकन माझ्याकडं वळली. "तुमी शिकलेले. हे बोट लेकरांना उतरंल का?"

वडिलांनी डोळे वटारले. तरी माझ्या तोंडातून खरंच निघालं. "मावशी, दर लेकराला निम्मी शक्यता."

वडिलांनी कपाळाला हात लावला.

बाईंनी मात्र शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात खसकन वर ओढला. सहा बोटं!

"आमच्या घरात हे लक्ष्मीचं बोट! माझ्या चार लेकरांत एकाला बी न्हाई. सासू मरेस्तोवर मलाच बोल लावून राहिली. आता पोराकडून नातवाला येईल का?"

"नाही मावशी. तुमच्या घराण्यातलं हे बोट ज्याला आलंच नाही, तो पुढं काय देणार?"

"मंग सून हीच!"

मी आनंदानं उडायचाच बाकी होतो. तेवढ्यात बाई माझ्याकडं झुकल्या.

"पन निम्मीच काहून? आता तुमी घरचे झाले. जरा वाढवून द्या की!"