शांतवनचा आवाज गेला तेव्हा

प्रभूच्या लेकरांनो, टाळ जरा खाली ठेवा आणि मला सांगा — सुख आणि आनंद, एकच का हो? गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा — सुख! कबूल! (बघा, मागे एकजण ओठ चाटायला लागले! अहो, जेवण कीर्तनानंतर!) पण भाकरी संपल्यावर काय? ताट रिकामं झालं तरी उरतं, असं काही आहे का?

मंडळी, ऐका.

नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात शांतवन आढाव नावाचा गवई होता. चर्चमध्ये त्यानं आलाप घेतला, की रस्त्यावरची बैलगाडी थांबायची! भजनस्पर्धेत पहिला नंबर ठरलेला. हार, शाल, वाहवा! पण कुणाचा सूर चुकला, की याच्या कपाळाला आठी! गावात हन्नाआजी होत्या. भक्ती मोठी, सूर मात्र पार वेशीबाहेर! एकदा भर उपासनेत हा म्हणाला, "आजी, तुम्ही गाऊ नका. सगळ्यांचं बिघडतं."

लोक हसले. आजीही हसल्या. पण पुढच्या रविवारी त्या ओठ मिटून बसल्या.

पुढं शांतवनचाच घसा बसला. काढे झाले, गुळण्या झाल्या. शहरात तपासलं — कर्करोग! डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल."

जीव वाचला. गळ्याला भोक, त्यातून श्वास, वर पांढरं फडकं. आवाज — गेला!

घरी आल्यावर त्यानं आपली बाजाची पेटी माळ्यावर टाकली. चर्चला जाईना. बायको रिबका म्हणायची, "अहो, देवानं तुम्हाला ठेवलं ना?" हा तोंड फिरवायचा. मनात एकच — ज्या गळ्यानं तुझं गायलं, देवा, तोच घेतलास?

एका दुपारी हन्नाआजींची सून दारात आली. "आत्याबाईंचं काही खरं नाही. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे भजन ऐकायचंय त्यांना. भाऊंना बोलावतायत."

रिबका म्हणाली, "अगं, यांना आवाज कुठाय?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतात, पेटी आहे ना!"

शांतवन उठला आणि स्वतः माळ्यावर चढला.

आजींच्या खाटेशी बसून त्यानं सूर धरला. आजींचे ओठ हलले, थांबले. भीत भीत विचारलं, "म्हणू का रे मी? मोठ्यानं?"

मंडळी! मरणाच्या दारात बाई — आणि देवाचं नाव घ्यायला परवानगी मागते! कुणाची? याची!

शांतवननं हात जोडले. आजी गाऊ लागल्या. सूर? होता तिथंच! पण जन्मभर सगळ्यांना आपल्यामागं ओढणारा तो माणूस आज आजींच्या मागं निघाला. त्या थांबल्या, की हा थांबे. त्यांनी पट्टी सोडली, की हाही सोडे! बोटं चालत होती, डोळे वाहत होते. भजन संपलं, तशी आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "गोड वाजवलंस, लेका."

संध्याकाळी त्या प्रभूकडे गेल्या.

हा घरी आला. रिबका त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. "अहो, रडताय की हसताय?" त्यानं सावकाश ओठ हलवले. तिनं ते वाचले — "तिथं प्रभू होता."

आता तुम्हाला वाटेल, महाराज सांगणार, आवाज परत आला! नाही आला. आजही थंडीत गळा दुखतो. पण गावात कुणी अंथरुणाला खिळलं, की शांतवन पेटी घेऊन हजर! शाल नाही, हार नाही. चेहरा मात्र बघावा त्याचा!

वधस्तंभ समोर दिसत असताना आपला प्रभू शिष्यांशी आनंदाबद्दल बोलला. कोणता हो तो आनंद? सुख मिळालेल्या वस्तूत असतं — वस्तू गेली, ते गेलं. आनंद देणारा स्वतःच जवळ येऊन बसतो. त्याला कोण उठवणार?

मग बाबांनो, मायांनो, उपासना तर आपण दर रविवारी करतो, तरी घरं अशी कोमेजलेली का? तुमच्या एका शब्दानं कुणी गप्प झालंय का? सून? भाऊ? म्हातारा बाप? आमेन नंतर म्हणा. आधी त्यांच्यापाशी जाऊन बसा. प्रभू तिथं कधीचा बसलाय!