बोर्डाचं मीटर आन् आबांचं चाक

—न्हाई, न्हाई, शिडी खाली ठेव आधी. ठेव म्हणते ना! मीटरला हात लावायचा न्हाई. मीटर काढायचा अर्ज आलाय? आला असंल. मी केलाय का? आमच्या नीलमनं केलाय, दौंडात बसून मोबाईलवर, आन् लेकीला करायला लावलाय तिच्या बापानं. हळू बोल, इम्त्याज. आत जागं हाय म्हातारं. पाय गेले, डावा हात गेला, जीभ अर्धी गेली — पण कान? मी सैपाकघरात साखरंचा खडा तोंडात टाकला तरी आतनं विचारतंय, काय खातीस. अख्ख्या वडगावात असले कान कुणाचे न्हाईत. ये, इकडं चिंचेखाली ये.

ह्यांनी केलेल्या चाकाचं ठावं हाय ना तुला? असणारच. सारं गाव बघून गेलं, मांडवगणावरनं माणसं आली, कुरकुंभच्या कारखान्यातनं शिफ्ट सुटलेली पोरं गाड्या घेऊन आली, व्हिडिओ काढले. चाकाला मॅग्नेट, चाकाभवती मॅग्नेट — एक ढकलतंय, एक ओढतंय, डिझेल न्हाई, लाईट न्हाई, आन् चाक आपलं फिरतंय. त्याच्यावर सायकलचा डायनामो, डायनामोवर बल्ब. फ्री एनर्जी! तुमच्या आबांचा शब्द. तोंड वाकडं झालंय, पण हा एक शब्द सरळ निघतो.

आता तू म्हणशील, चालतंय तर मीटर कशाला ठेवता? तेच तर तेबी म्हणत्यात! — हसू नको. चालंल का तसं? तू वायरमन, तू सांग. न्हाई, ऱ्हाऊ दे, मीच सांगते. मी शाळेत गेले न्हाई, नीलमची पुस्तकं वाचून शिकले, विहिरीवरची मोटर जळली तर खोलून बघणारी बाई हाय मी. ह्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं होतं — अहो, मॅग्नेट जवळ येताना जेवढं ओढतंय तेवढंच लांब जाताना धरून ठेवतंय, ह्यात उरायचं काय? तर मला म्हणाले, तुझी अक्कल चुलीपुरती. बरं म्हटलं. चुलीपुरती तर चुलीपुरती.

पण रिकामा उद्योग म्हणायचं न्हाई हां त्याला. मी म्हणंन, तू न्हाई म्हणायचं. आपल्याकडं शेताची लाईट कवा येती? रातची. आन् उसात कोण बसलंय? बिबट्या. ह्यांचा धाकटा भाऊ म्हाळू, मोटर चालू करायला म्हणून गेला — सकाळी नुसती बॅटरी सापडली, पेटलेली. तवापास्नं ह्यांनी डोक्यात घेतलं — दिवसा पाणी देणारी मोटर, कुणाच्या लाईटीची वाट न बघणारी. ग्रामसभेत उठून बोलले, बोर्डाचं मीटर एक दिवस मी माझ्या हातानं परत करीन. हसली माणसं. लई हसली. मीबी हसले असंन, बायकांच्यात बसून.

मग पॅरालिसिस झाला. खाटंच्या समोर चाक, बंद, आन् हे त्याच्याकडं बघत पडलेले. जेवण न्हाई, बोलणं न्हाई. बसलेला बैल बघतो ना, तसं बघणं. मग मी — हे तुला सांगायचं नव्हतं. पण आता तू शिडीच घेऊन आलायस म्हटल्यावर… चाकाचा आस भिंतीतनं आरपार सैपाकघरात आलाय. तिकडनं मी जुन्या कूलरची मोटर बसवली. पट्टा लावून, हळू फिरंल अशी, आन् त्या कानांना आवाज जाऊ नये म्हणून खाली गोधडी. एका सकाळी चहा पाजला, आत गेले, बटण दाबलं.

अरे, रडलं ते म्हातारं. लगीन झाल्यापास्नं मला नावानं हाक मारली न्हाई — अगं, ए, ऐकलं का, एवढंच — त्या दिवशी मारली. जाई, म्हणाले. जाई, बघ. आता मी काय करायचं होतं? सांग ना. बटण बंद करायचं होतं?

तवापास्नं मी ह्या घराच्या भाईर न्हाई. नीलमकडं जाता येत न्हाई, कुणाच्या लग्नाला न्हाई, मयताला न्हाई. गुरुवारी तुम्ही लाईट बंद करता, तर गुरुवारी त्यांना धरून-ओढून भाईर उन्हात बसवते. विचारत्यात, गुरुवारीच का गं ऊन? म्हटलं, दत्ताचा वार हाय, अंगाला ऊन लागावं. बघ, दत्तालाबी गुंतवला मी ह्यात! मधीच लाईट गेली तर वराडते, मी थांबवलंय, तेल घालायचंय.

म्हणून म्हणते, मीटर काढ, पण — जवळ ये — वरनं एक — शब्द तोंडातनं निघंना बघ. आकडा. आकडा टाकून दे वरच्या तारंवर. मागनं, शेवग्याच्या आडून. असा काय बघतोस? व्हय, मीच ती. डीपीपाशी काठी घेऊन उभी ऱ्हाऊन गावातल्या बाप्यांना आकडे काढायला लावणारी जाईबाई. तुझ्या बापाचाबी काढायला लावला, तुझी आई मुमताज लई दिवस बोलत नव्हती माझ्याशी. बिल भरलेली लाईट फुकटची म्हणून दाखवली, आन् आता चोरीची मागतीय. झालं समाधान?

न्हाई जमणार म्हणतोस. व्हय, नोकरी जाईल तुझी. मान खाली घालू नको, बरोबर हाय तुझं. तू व्हय म्हणला असतास तर मीच तुला शिव्या घातल्या असत्या.

तसाच माघारी जा म्हणावं, तर मघाशी खाट दारापाशी ओढायला लावलीय त्यांनी. तिथनं मीटरबी दिसतंय आन् चाकबी. मीटर आधी हातात घ्यायचंय, चांगल्या हातात, आन् मग तुला परत द्यायचंय. सकाळी दाढी करून घेतली माझ्याकडनं. — ऐकलंस? आली हाक. — आले हो, आले! इम्त्याज पक्कड शोधतोय!

बरं. काढ. थंडी हाय, पंखा लागत न्हाई, रातीला कंदील लावीन. कूलरची मोटर गेली तर जाऊ दे, आस तर हाय — शिवणयंत्राची मूठ पडून होती, ती आसाला बसवलीय मी काल. बसंन फिरवत. एका हातानं भाजी ढवळता येती, करून बघितलंय. ते झोपले की भाकरी. बाई हाय ना घरात, बाईला कुठं कुणी मीटर बसवलंय? उन्हाळ्याचं उन्हाळ्यात.

तू शिडी लाव. मी आत जाऊन मूठ धरते, मग तार तोड — चाकानं मधी अडखळायचं न्हाई, जराबी न्हाई. मी खोकले की तोड. हाक मारायची न्हाई, विचारायचं न्हाई. आन् मीटर त्यांच्या हातात देताना तोंड पाडू नको, हसून दे.

जा, चढ. खोकले की.